जड कशाला म्हणायचं

आमच्या जिममध्ये वजन उचलण्यापेक्षा ते खाली ठेवण्याला जास्त किंमत होती. अलिबागच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर ती जागा. खाली घरमालक राहायचा आणि त्याची म्हातारी आई कायमची अंथरुणाला खिळलेली. जागा भाड्यानं देतानाच त्यानं दादांना सांगितलं होतं की वर काय करायचं ते करा, पण माझ्या आईच्या डोक्यावर आवाज नको. म्हणून झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसा रॉड जमिनीवर टेकवायचा. प्लेटवर प्लेट वाजवायची नाही. रॉडच्या दोन्ही टोकांचे लॉक पिळून घट्ट बसवायचे, कारण एखादी प्लेट घसरून पडली की खाली म्हातारी दचकणार आणि मालक तरातरा जिना चढून येणार. कण्हायचंसुद्धा नाही. शनिवारी रो-रो बोटीनं गाड्या घेऊन येणारे मुंबईचे बंगलेवाले कधीमधी एका दिवसापुरते यायचे आणि तिकडच्या सवयीनं डंबेल हातातनं सोडून द्यायचे. दादा खुर्चीतनं न उठता म्हणायचे, "साहेब, झालं तुमचं. बूट घाला."

दादा म्हणजे जिमचे मालक. साठीला आलेला, खांद्यांत मान बुडालेला माणूस. कधीकाळी जिल्ह्यात वजन उचलण्यात त्यांचं नाव होतं, असं लोक सांगायचे. मी आलो तेव्हा गुडघे गेले होते आणि खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसून असायचे. त्या खुर्चीतनं ते ठरवायचे की कुणाचं वजन जड आणि कुणाचं हलकं. रॉडवर आकडा काय आहे त्याला विचारतंय कोण. एखाद्यानं घाम गाळून सेट मारला की सगळ्यांचे डोळे खुर्चीकडं जायचे. दादा बहुतेक वेळा म्हणायचे, "हलकं." मनात आलं तर "बरं." आणि वर्षातनं कधीतरी "जड." तो शब्द आला की दादा गुडघे धरत उठायचे, बेंचच्या डोक्याशी जाऊन उभे राहायचे आणि रॉडखाली दोन्ही तळवे धरायचे. याला सपोर्ट म्हणतात. रॉड छातीवर अडकला तर उचलून घ्यायला मागं माणूस हवा, एवढंच त्याचं काम. पण आमच्याकडं तो असाच मिळत नव्हता. दादांनी जड म्हटल्याशिवाय कुणी कुणाच्या मागं उभं राहायचं नाही. हलक्याला कसला आलाय सपोर्ट?

आणि स्वतःच्या तोंडानं जड म्हणायचं नाही. बँकेतला एक माणूस, चाळिशीचा, पोट सुटलेला, नवीन आला होता. बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्यानं रॉड कसाबसा वर ठेवला आणि हसत म्हणाला, आज जरा जडच होतं. दादांनी त्याला दुपारच्या बायकांच्या बॅचचे गुलाबी डंबेल आणून दिले आणि सांगितलं, आठवडाभर हेच. त्यानं ते चेष्टेवारी नेलं. दुसऱ्या दिवशी आला तर बेंचवर गुलाबी डंबेल मांडून ठेवलेले. मांडायला मीच होतो. पोरं त्याच्याभोवती उभी राहून टाळ्या वाजवायची, पण तळवे एकमेकांना लागू न देता, नुसत्या हवेत. आवाज करायचा नव्हता ना. तो चार दिवस आला. पाचव्या दिवशी आला नाही आणि त्याचे बूट खणात तसेच राहिले. महिन्यानं दादा मला म्हणाले, घाल की. घातले. बसले बरोबर.

हे सगळं वाचून दादांविषयी तुमचं मत वाईट झालं असेल. माझं तसं नाही. मला ज्यांनी जेवू घातलं त्यांचं मी वाईट बोलत नाही. मी फक्त काय झालं ते सांगतो आहे.

माझं गाव हिंगोलीकडचं. शाळा आठवीत सुटली. गणिताच्या मास्तरांनी फळ्यापाशी उभं केलं, वर्ग हसला आणि मी तसाच उभ्यानं घरी आलो तो परत बसायला गेलोच नाही. पुढं एका टोळीबरोबर मांडव्याकडं आलो, कुणाच्या तरी बंगल्यात पोहायचा हौद खोदायला. हौद झाला आणि मला ताप आला. टोळी दुसऱ्या कामावर निघून गेली. अलिबागच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर पडून होतो. दादा तिथं रोज सकाळी चहा प्यायला यायचे. त्यांनी खांद्याला धरून उठवलं, दंड चाचपून बघितला, बाजारात बैल बघतात तसा, आणि घरी नेऊन पेज पाजली. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. बरा झालो तेव्हा दादा म्हणाले, लादी पुसशील? तेव्हापासून मी तिथं.

काम एवढंच. लादी, आरसे, बेंचवरचा घाम पुसायचा, लोकांनी सोडलेल्या प्लेट जागेवर लावायच्या. झोपायला जिमच्याच हॉलमध्ये रबरी चटई. दोन वेळचं जेवण वहिनींच्या हातचं, वर थोडा पगार. मी दुष्काळी भागातला म्हणून दादांनी माझं नाव दुष्काळ ठेवलं. मग सगळेच म्हणायला लागले. "ए दुष्काळ, वीसची प्लेट आण." "दुष्काळ आला, पाण्याच्या बाटल्या लपवा रं." मी हसायचो. न हसून जायचं कुठं? दादा कधी जरा गप्प असले की झालं. वाटायचं, आज म्हणणार, उद्यापासनं नको येऊस. मग मी पुसलेला आरसा परत पुसायचो.

दुपारी बायकांची बॅच संपली की हॉल तासभर रिकामा असायचा. तेवढ्यात मी स्वतः वजनं मारायचो. शिकवलं कुणी नाही, बघून बघून आलं. आवाज न करायचं मात्र मला शिकावंच लागलं नाही. परक्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला ते येतंच.

हे फक्त एका माणसाला माहीत होतं. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. मस्कतला हॉटेलात वीस-बावीस वर्षं स्वयंपाकी होते, साखर वाढली म्हणून परत आले आणि डॉक्टरनं सांगितलं म्हणून व्यायामाला यायचे. कधी लवकर येऊन बाकावर बसायचे आणि माझं बघायचे. एकदा म्हणाले की बेटा, तुझ्यात जान आहे, फक्त तुला ती कुणाला दाखवायची भीती वाटते. मी म्हटलं, चाचा, दादांना सांगू नका.

मग एक दिवस मांडव्याचा माणूस आला. तिकडं बंगल्यांची एक मोठी सोसायटी झाली आहे, तिच्या क्लबात जिम होती, तिचा तो मॅनेजर. त्यानं आमचा हॉल फिरून बघितला, एका मशीनवरनं बोट फिरवून बोटाकडं बघितलं आणि दादांशी बाहेर गॅलरीत बराच वेळ बोलून गेला. संध्याकाळी दादांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मांडव्याच्या क्लबाला आपल्याकडचा एक माणूस पाहिजे. पगार चांगला, जेवण, आणि राहायला खोली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "शनिवारी बघू. ज्याला मी जड म्हणीन त्याला धाडीन. दुष्काळ, तूपण उभा राहा."

पोरं हसली. मला पगाराचं ऐकूच आलं नव्हतं. माझ्या कानात खोली एवढंच राहिलं.

हॉलमध्ये झोपणं म्हणजे काय ते सांगतो. पहाटेच्या बॅचची चावी चौघांकडं. ते दार उघडून आत यायचे, दिवे लावायचे आणि मी उठलो नसेन तर पायानं ढोसायचे किंवा सरळ माझ्यावरनं पाय टाकून आरशापाशी जायचे. अंगावर चादर कुठं सरकली आहे याचीसुद्धा लाज मला वाटायची. आणि आईला मी फोनवर सांगितलं होतं की मला खोली आहे. सुरुवातीला ती काळजी करत होती म्हणून सांगितलं, मग ते तसंच चालू राहिलं. ती विचारायची, खिडकी आहे का? म्हटलं, आहे. कुणाकडं आहे? म्हटलं, रस्त्याकडं. ती म्हणायची, एकदा येऊन बघते तुझी खोली, चार दिवस राहते, तुला करून घालते. मी दर वेळी काहीतरी सांगून टाळायचो. आता मांडव्याची खोली मिळाली तर तिला ये म्हणता येणार होतं. आठवडाभर मी दुसरा विचार केला नाही.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. उभे राहणारे दोघंच. मी आणि पोलीस भरतीत उंचीला कमी पडलेला एक पोरगा, इथलाच, रेवदंड्याच्या बाजूचा. पोरगा वाईट नव्हता. बेंचवर आडवं होऊन रॉड छातीवर आणायचा आणि वर ढकलायचा, हीच पारख. त्याच्यासाठी सत्तर किलो लावले. लावले मीच, ते माझं काम. त्यानं रॉड छातीपर्यंत आणला आणि तो वर न्यायच्या आधीच दादा खुर्चीतनं उठले.

"जड."

डोक्याशी जाऊन उभे राहिले. पोरानं दादांच्या तळव्यांवर रॉड घासत वर नेला. हवेत टाळ्या झाल्या.

आता माझी पाळी. मी विचारलं, दादा, किती लावू? ते म्हणाले, हाय तेच राहू दे. मी आडवा झालो. तोच रॉड, त्याच प्लेट, लॉकसुद्धा कुणी हलवला नव्हता. मी वर नेला, जागेवर ठेवला. टिकसुद्धा वाजलं नाही. खुर्चीकडं बघितलं.

"हलकं," दादा म्हणाले.

कुणीतरी नाकातनं हसलं. दादांनी बोट दाखवलं तशी मी उठलो, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच वाढवले, परत आडवा झालो. पंचाहत्तर. गेलं. हलकं. मग ऐंशी. दुपारी एकटा असताना मी ऐंशीच्या पुढं कधी गेलो नव्हतो, मागं कुणी नसायचं म्हणून. ऐंशीला माझे दंड लटलट कापत होते, पण गेलं.

"हलकं."

चाचा बाकावरनं उठले. म्हणाले की अरे, आता तरी मागं उभे राहा कुणी, पोराची छाती फुटंल. ते स्वतःच माझ्याकडं यायला लागले.

"चाचा, बसा," दादा म्हणाले. "तुमची साखर वाढंल."

सगळे हसले. चाचा मधेच उभे राहिले. मग बसले. त्यांना दोष नाही. त्यांनाही दुसरी जिम नव्हती.

पंच्याऐंशी मी स्वतःच्या हातानं लावले. लॉक पिळले. मला तेव्हा थांबता आलं असतं. पण वाटलं, एवढ्याला दादा उठतील. मांडव्याचा विचार करत रॉड खाली आणला, छातीला टेकला आणि तिथंच बसला.

अडकलेल्या रॉडखाली काय होतं ते बाहेरच्याला कळत नाही. श्वास सोडता येतो, घेता येत नाही. लॉक घट्ट म्हणून एका बाजूला कलवून प्लेट पाडायची सोय नाही, आणि सोय असती तरी खाली म्हातारी. ओरडायचं नाही. मला वरचा पंखा दिसत होता आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ. ती पुसायची राहून गेली म्हणून त्याही वेळी मला भीती वाटली. पोरांनी मोबाईल वर धरले होते.

खुर्चीतनं आवाज आला, शांत, चहा विचारावा तसा.

"काय रं दुष्काळ, जड हाय का?"

हॉलमध्ये कुणी हललं नाही. व्हय म्हटलं असतं तर त्यांनी उठून घेतला असता, हे मला माहीत होतं. आणि व्हय म्हटलं की माझं मांडवा गेलं, हेही. मी मान हलवली. नाही. कुणीतरी म्हणालं, "मग उचल की." आणि तोपर्यंत डोळ्यांपुढं काळं यायला लागलं होतं.

मी रॉड छातीवरनं पोटाकडं लोटायला लागलो. लाटणं पोळीवर फिरवतात तसा. बरगड्यांच्या खाली आला तेव्हा आत कळ गेली, पोटावर आला तेव्हा जेवलेलं वर आलं ते गिळलं. मांड्यांपर्यंत नेला. मग उठून बसलो, पाय जमिनीला लावले, रॉडसकट उभा राहिलो आणि गुडघ्यांतनं वाकत खाली ठेवला. झोपलेल्या लेकरासारखा. आवाज झाला नाही.

मला वाटलं, आता तरी म्हणतील.

दादा सगळ्यांना म्हणाले, "बघितलं ना? एकट्यानं उतरवलं. एकट्याला उतरवता येतं ते जड कसलं?" आणि त्या पोराला म्हणाले, सोमवारी कपडे घेऊन ये, मी फोन करतो त्यांना.

सगळे गेल्यावर मी बेंच पुसत होतो. दादा संत्रं सोलत बसले होते. मी कधी त्यांना उलट विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. म्हटलं, दादा, त्याचं सत्तर जड आणि माझं पंच्याऐंशी हलकं, असं कसं?

ते रागावले नाहीत. एक फोड माझ्या हातावर ठेवली.

"तुझं जड धरलं तर बाकीच्यांनी इतकी वर्षं काय उचललं म्हणायचं? ते फी भरतात, बाबा. तू लादी पुसतोस."

मग मला जवळ बोलावून त्यांनी सदरा वर करायला लावला. बरगडीवर रॉडचा लाल पट्टा उठला होता. त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला बाम लावला, हळूहळू, जाड बोटांनी, जिथं दुखतं तिथं थांबत. घरनं डबा आला तर त्यात सुरमईचे दोन तुकडे होते, एरवी एक असायचा. माझे डोळे भरून आले. दादांनी नको येऊस म्हटलं नव्हतं. माझी चटई होती तिथं होती. त्या क्षणी मला खोलीचं काही वाटलंच नाही, हे मी खरं सांगतो. एवढं हायसं वाटलं होतं.

गणपती झाल्यावर दादांनी मला मांडव्याला पाठवलं. त्या पोराचा कंबरेचा पट्टा आमच्याकडं राहिला होता, तो द्यायला. सहा आसनी रिक्षानं गेलो. क्लब काचेचा, थंडगार. सगळ्यात मोठं डंबेल आमच्या बायकांच्या बॅचला पुरेल एवढंच. पोरगा पांढऱ्या टी-शर्टात टॉवेलच्या घड्या घालत बसला होता. म्हणाला, इथं कोण वजन उचलतंय, म्हातारे येऊन मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर चालतात आणि जातात. मी दिवसभर मशीन पुसतो. त्यानं मला खोली दाखवली. छोटी होती. दाराला आतनं कडी होती. खिडकी रस्त्याकडं नव्हती, नारळांकडं होती.

आम्ही खोलीतनं बाहेर आलो तर मॅनेजर समोर. पोरानं सांगितलं की हा आमच्या अलिबागच्या जिममध्ये लादी पुसतो. मॅनेजरनं मला वरनं खालपर्यंत बघितलं.

"अच्छा, तो तू का? अरे, मी तुझ्या दादांकडं तुलाच मागायला आलो होतो. म्हटलं, मला उचलणारा नको, एवढं स्वच्छ ठेवणारा द्या. ते म्हणाले, तो मला सोडून कुठं जाणार नाही, दुसरा देतो."

मी हिशेब लावला. तो मॅनेजर आला तो दिवस शनिवारच्या आधीचा. म्हणजे शनिवारी मी आडवा झालो तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. मग एवढं सगळं कशासाठी, याचा विचार मी अजूनही करत नाही.

मॅनेजर म्हणाला, "हा पोरगा परत भरतीला बसतोय, पुढच्या महिन्यात जाणार. येतोस तू? आत्ता हो म्हण, मी दुसरा बघत नाही."

पोरगा माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. माझं तोंड उघडलं आणि त्यातनं आलं, "दादांना विचारून सांगतो."

मॅनेजर हसला. वाईट हसला नाही, एखादी गोष्ट पटावी तसा हसला. "बरोबर बोलले होते ते," म्हणाला. "एवढं विचारायचं असेल तर राहू दे." आणि आत निघून गेला. पोरगा म्हणाला की तू येडा आहेस का. मी त्याच्या हातात पट्टा दिला.

संध्याकाळच्या बॅचला वेळेवर पोचलो. दादांनी विचारलं, एवढा वेळ कुठं होतास? म्हटलं, रिक्षा भरत नव्हती. मी त्यांना काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात ऐकलं की मांडव्याला कुणी पेणकडचा माणूस लागला.

परवा आईचा फोन होता. या वेळी तिनं एसटीची वेळसुद्धा काढून ठेवली होती. म्हणाली, येऊ का रे? मी म्हटलं, खोलीला रंग देताहेत, वासानं तुला त्रास होईल. ती म्हणाली, कुठला रंग? मी जरा विचार केला आणि म्हटलं, पांढरा.